गिरणगावाचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळमध्ये फिरायला येणारे, इथल्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेले आणि आजोबा गिरणीत होते म्हणून गावाहून फोन करणारे, अशा तिघांकडून हे प्रश्न येतात. माझ्या घरातली मागची पिढी साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांच्या विभागात, होती, त्यामुळे उत्तरं अगदी तटस्थ नाहीत.

गिरणगाव म्हणजे नेमका कुठला भाग?

सरकारी नकाशावर हे नाव सापडत नाही. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, प्रभादेवी, वरळीचा पूर्व भाग, नायगाव, काळाचौकी, शिवडी एवढा पट्टा धरायचा. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या उत्तरेकडे सरकत गेल्या. परळला त्या काळात गव्हर्नरचा बंगला होता. गव्हर्नर निघून गेले आणि १८९९ पासून त्याच वास्तूत हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. ही इमारत आजही उभी आहे. या भागातली जुनी इमारत नवं काम मिळून नीट टिकली, असं हे बहुधा सर्वांत जुनं उदाहरण. त्याची कुणी फारशी आठवण काढत नाही.

गिरण्या संपामुळे बंद पडल्या ना?

हे उत्तर पाठ करून ठेवलेलं आहे आणि अर्धवट आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण त्याच्या आधीच कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं. मालकांनी जुनी यंत्रं बदलली नव्हती. औद्योगिक संबंधांच्या १९४६ च्या कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता, कामगार मात्र सामंतांच्या मागे गेले होते. कोंडी तिथेच झाली.

तारखांकडे नीट पाहा. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. अनेक खासगी गिरण्या पुन्हा सुरूही झाल्या, कमी माणसांवर, कमी पाळ्यांवर. भिंती आणि शेड मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त झाल्या त्या २००० नंतर. संप आणि पाडकाम यांत जवळजवळ वीस वर्षांचं अंतर आहे. संपाने काम गेलं. इमारती कशाने गेल्या याचं उत्तर या वीस वर्षांत शोधावं लागतं.

जमीन मालकांची होती. त्यांनी विकली, तर बिघडलं कुठे?

सगळी जमीन तशी नव्हती. काही सरकारी किंवा पालिकेच्या भाडेपट्ट्यावर होती आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडच्या, म्हणजे एनटीसीच्या, गिरण्या तर जनतेच्याच. खासगी मालकीची जमीनसुद्धा विकास आराखड्यात उद्योगासाठी राखलेली होती. तिथे ऑफिस आणि फ्लॅट बांधायची मुभा सरकारने नियम बदलून दिली, म्हणजे जमिनीची किंमत सरकारच्या सहीने वाढली. वाढलेल्या किमतीतला काही वाटा शहराने मागावा, हे मला रास्तच वाटतं. १९९१ च्या नियमाने तो मागितलाही होता.

मग तो ‘एक तृतीयांश’चा नियम काय होता?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्याची किल्ली इथे आहे.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनींसाठी होता. ढोबळमानाने सांगायचं तर गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक भाग पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. प्लॉट किती मोठा त्यावर टक्केवारी थोडी बदलायची. मुंबईत तेव्हा ५८ गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. तिचा दोन तृतीयांश भाग शहराला मिळता, तर लालबाग ते वरळी मैदानांची आणि परवडणाऱ्या घरांची रांग लागली असती. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एनटीसीच्या गिरण्यांचा अभ्यास करून सगळ्या जमिनींचा एकत्रित आराखडा करा, असंच सुचवलं. अहवाल सरकारदरबारी पडून राहिला.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, म्हणजे जिथे आधीपासून बांधकाम नाही तेवढ्याच जागेची. शेड पाडून जी जमीन रिकामी होईल ती वाटणीत धरायची नाही.

आता गिरणीची इमारत कशी असते ते आठवा. साचेखातं बहुतेक तळमजल्यावर, कारण शेकडो मागांचा हादरा वरच्या मजल्याला सोसत नाही. उजेडासाठी छप्पर करवतीच्या दातांसारखं, उत्तरेकडून काच. त्यामुळे शेड बसकी आणि ऐसपैस, प्लॉटचा बराच भाग व्यापून बसलेली. अशा आवारात ‘मोकळी’ जागा उरते किती? गेटाजवळचं पटांगण, कोळशाची जागा, एखादं तळं. शंभर वर्षांपूर्वी मागांच्या सोयीसाठी घेतलेल्या एका बांधकामाच्या निर्णयाने २००१ मध्ये ठरवलं, की शहराला काय मिळणार. आणि शेड पाडल्यावर वाटणीत काहीच द्यावं लागत नाही म्हटल्यावर ती राखायची कुणाला पडली होती?

कोर्टात कुणी गेलं नाही?

गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पर्यावरणवादी याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये एनटीसीचे लिलाव झालेच होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर नंबर ३ सुमारे ४२१ कोटींना. तेव्हा हे आकडे डोळे फिरवणारे वाटत. २०२३ मध्ये बॉम्बे डाईंगने वरळीची सुमारे २२ एकर जागा जपानी कंपनीला ५,२०० कोटींच्या आसपास विकायचा करार जाहीर केला, तेव्हा कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

हेरिटेजची यादी असताना पाडलं कसं?

वारसा जतनाचे नियम मुंबईत १९९५ पासून आहेत आणि देशात ते आधी इथेच आले. पण ती यादी बघितली की कळतं, वारसा म्हणजे फोर्ट, चर्चगेट, गॉथिक मनोरे. कारखान्याकडे वास्तू म्हणून बघायची सवयच नव्हती. दगडी तोंड आणि घड्याळाचा मनोरा असेल तर कुणाची तरी नजर जायची. ओतीव लोखंडाच्या खांबांची ओळ, ब्रह्मी सागाच्या तुळया, बॉयलरची खोली यांना दाद मागायला कुणी नाही. साग आणि लोखंड भंगारात चांगल्या भावाने जातं, हा त्यांचा दोष.

शिवाय यादीत चिमणी आली की चिमणीच राखली जाते. (नवीन वाचकांसाठी: गिरणीचं धुराडं. इथले लोक त्याला चिमणीच म्हणतात.) बाजूची शेड जाते, बॉयलर जातो, आणि पार्किंगच्या मधोमध एक उंच वीट-खांब उरतो. तो कशासाठी होता हे सांगणारं आजूबाजूला काही नसतं.

फिनिक्स आणि कमला मिलमध्ये तर जुन्या इमारतींचा छान पुनर्वापर झालाय की!

‘छान’ शब्द जपून वापरा.

फिनिक्स मिल १९०५ ची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बोलिंग ॲली सुरू झाली, मग दुकानं, मग मॉल, मग पॅलेडियम. चिमणी आहे. कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल, तोडी मिल इथे मात्र बऱ्याच जुन्या शेड खरोखर उभ्या राहिल्या, कारण त्या गाळे पाडून भाड्याने दिल्या गेल्या. जाहिरात कंपन्या, चॅनेल, फर्निचरची दुकानं, खाण्यापिण्याच्या जागा. वास्तूच्या दृष्टीने पाहिलं तर टॉवरपेक्षा हे बरं. उंच छत, जाड भिंती, मोठ्या खिडक्या, दुसरं काय हवं ऑफिसला?

पण २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर लगेच, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि १४ माणसं गेली. एकेकाळी हजारो कामगार आत-बाहेर करायचे ते आवार रात्री पार्टीला आलेल्यांना सुरक्षित बाहेर काढू शकलं नाही. पुनर्वापर म्हणजे जुन्या भिंतीत नवं भाडं वसूल करणं एवढंच नाही. बाहेर पडायचे रस्ते, बंबाला वाट, गच्चीवर काय चालणार याची परवानगी, हे सगळं नव्याने आखावं लागतं. मोडकळीस आलेल्या शेडपेक्षा अर्धवट दुरुस्त केलेली शेड मला जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्यात माणसं विश्वासाने जातात.

म्हणजे चाळी पाडू नयेत असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. असं म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा चाळीत काढावा. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, सकाळची रांग, दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या, जिन्याच्या लाकडाला टेकू. गिरण्या जोरात होत्या तेव्हा तर एका खोलीत पाळीनुसार झोपणारे गडी असत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी आपल्या माणसांसाठी घेतलेल्या ‘मंडळाच्या खोल्या’ अशाच भरलेल्या असायच्या. या घरांची दुरवस्था रोमँटिक नाही.

ती का झाली, तेही सांगायला हवं. भाडं १९४० च्या पातळीवर गोठलेलं. पाच-दहा रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जागा सोडेना, खोल्या पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे मोजून, हात बदलत राहिल्या. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. मंडळाच्या दुरुस्तीने कित्येक इमारती पडता पडता वाचल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे.

माझी तक्रार पाडण्याबद्दल नाही, एकेक सुटी पाडण्याबद्दल आहे. एका चाळीच्या जागेवर जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, घेऊन पस्तीस-चाळीस मजले चढतात. पुढच्या बाजूला विक्रीची इमारत, मागे रहिवाशांची, दोघींमध्ये हवा शिरेल-न शिरेल एवढी फट. गल्ली तेवढीच, गटार तेवढंच, पाण्याची लाइन तेवढीच. समूह पुनर्विकासाचा नियम, ३३ (९), यासाठीच आहे: शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर एकत्र घ्या आणि रस्त्यांसकट आखणी करा. पण इतके मालक, इतके भाडेकरू एकत्र आणायचे म्हणजे वर्षं जातात. बिल्डरला सुटी इमारत सोपी पडते.

बीडीडी चाळींचं काय झालं?

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. काँक्रीटच्या, तीन मजली माडीच्या, तुरुंगासारख्या दिसणाऱ्या. कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींमध्ये खरंच तात्पुरता तुरुंग होता. शिवडी सोडून बाकी तीन ठिकाणी म्हाडा पुनर्विकास करतेय. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. वाट पाहून थकलेल्यांपैकी काही जण तोपर्यंत राहिले नव्हते.

आमची चाळ पुनर्विकासाला निघालीय. काय बघावं?

मी वकील नाही, पण इथल्या बैठकांना बसून काही गोष्टी पक्क्या झाल्यात. उपकरप्राप्त इमारतीसाठी आता ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते, पूर्वी ७० लागायची. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी गाडी पुढे जाते, तेव्हा बैठकीला जा. संमतिपत्रावर सही करण्याआधी कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या कराराचा मसुदा मागा आणि तो नोंदणीकृतच हवा म्हणून अडून बसा. घराचं क्षेत्रफळ ‘कार्पेट’, म्हणजे भिंतींच्या आतलं, मोजलंय का, किती मजल्यावर, कुठल्या दिशेला, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. तात्पुरत्या घराचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ? काम रखडलं तर भाडं कोण देणार? देखभालीचा कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, किती? गिरणगावात इमारत पाडून खड्डा तसाच राहिल्याची आणि माणसं संक्रमण शिबिरात म्हातारी झाल्याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

महारेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणावर, विसंबू नका. ते कवच मुख्यतः विक्रीची घरं घेणाऱ्यांसाठी आहे. मालक काहीच करत नसेल तर म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमात आधी मालकाला, मग भाडेकरूंच्या संस्थेला आणि शेवटी म्हाडाला पुढे यायची तरतूद आहे. मात्र या कलमाखाली सरसकट नोटिसा काढण्यावर उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कडक ताशेरे ओढले, तेव्हा नोटीस आली म्हणून लगेच घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

खोली सोडण्यापूर्वी तिचं माप घ्या, फोटो काढा. भाडेपावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड यांच्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

जुने रहिवासी नवीन घरं विकून का जातात?

लोक याला हाव म्हणतात. हिशेब वेगळा आहे. लिफ्ट, पंप, पार्किंगचा मेन्टेनन्स पेन्शनरला झेपत नाही. आणि दुसरं, ज्यावर कुणी बोलत नाही: खोली भाड्याची होती तोवर चार भावांत वाटणीचा प्रश्न तीव्र नव्हता. ती दीड-दोन कोटींचा फ्लॅट झाली की हिस्से मागितले जातात. फ्लॅट चार ठिकाणी कापता येत नाही. मग विकून एक डोंबिवलीला, एक विरारला, एक बदलापूरला, एक गावी. गणपतीत लालबागला सगळे परत भेटतात.

थिएटर, हॉल, खानावळी यांचं काय?

परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचं, ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं. कामगार रंगभूमी, नमन, दशावतार, शक्ती-तुरा, सगळं तिथे व्हायचं. पुनर्विकासासाठी ते २०२३ मध्ये बंद झालं आणि रंगकर्मींना आंदोलन करावं लागलं. लालबागचं भारतमाता चित्रपटगृह एनटीसीच्या जमिनीवरचं. तेही वाचवायला लोकांनाच उतरावं लागलं होतं. खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. गिरणी गेल्यावर त्यांचे डबे ऑफिसांकडे वळले, पण आजची कॅफेटेरिया कंत्राटं त्यांच्यासाठी नसतात.

नियमावलीत नाट्यगृहाला बदली नाट्यगृह देता येतं. गावकीच्या खोलीला, तालमीला, नाक्यावरच्या वाचनालयाला देता येत नाही, कारण कागदावर ती नव्हतीच.

एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेचा याच्याशी काय संबंध?

थेट. परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) ही स्टेशनं पाळ्यांप्रमाणे येणाऱ्या आणि बहुतांशी जवळच राहणाऱ्या कामगारांच्या काळातली. गिरण्यांच्या जागी ऑफिस आली, माणसं लांबून आणि एकाच वेळी येऊ लागली, जिना तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसात पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. वर चटईक्षेत्र वाढवून देणाऱ्या कुणी खाली जिना रुंद केला नव्हता.

आता बघण्यासारखं काय उरलंय?

रविवारी सकाळी या. लोअर परळला फिनिक्सची चिमणी, मग मथुरादास आणि रघुवंशीच्या शेड. लालबागला इंडिया युनायटेड नंबर १ ची भिंत. काळाचौकीला इंडिया युनायटेड २-३ चं आवार, जिथे महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं अनेक वर्षं ठरतंय. टाटा मिल आणि पोदार मिल २०२० च्या लॉकडाऊनपर्यंत चालू होत्या, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. परळला पोयबावाडीतली बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची) चाळ नंबर १ बघा, डॉ. आंबेडकर तिथे १९१२ ते १९३४ राहिले. लोक राहतात तिथे, तेव्हा परवानगीशिवाय दारात मोबाईल धरू नका. दादरच्या इंदू मिलमध्ये आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय. गिरणीची जमीन सरळ लोकांकडे आली, अशी ही दुर्मीळ जागा.

आजोबा गिरणीत होते. घर मिळेल का?

१ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस पात्र धरले जातात. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, २०१६ मध्ये २,६३४, २०२० मध्ये ३,८९४. घरं २२५ चौरस फुटांची. मुंबईत जमीन उरली नाही म्हणून आता शेलू-वांगणीला घरं घ्या म्हणतात, त्याला कामगार संघटनांचा विरोध आहे आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चाही झाला. म्हाडाचा वाटा कुठे आटला ते वर वाचलंतच.

तरी कागद शोधा. गिरणीचा पास, तिकीट नंबर असलेली पगारपावती, पीएफची स्लिप, ईएसआयसीचं कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट, यांपैकी जे सापडेल ते. गावच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली बघा. वारसाच्या नावात आणि गिरणीच्या नोंदीत आडनावाचा फरक असेल, आणि तो बहुधा असतोच कारण हजेरीपटावर अनेकांच्या आडनावाऐवजी वडिलांचं किंवा गावाचं नाव लागायचं, तर प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या. पडताळणीत फायली तिथेच अडतात.